आठ आणि आठ पंधरा

बँकेत ३२ वर्षं कॅशियर होतो. त्यामुळे पहिलीतल्या नातवाला बेरीज शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा म्हटलं, हा तर हातचा मळ. हातचा घ्यायचीसुद्धा गरज नाही.

बाईंनी वहीत संख्यारेषा आखून दिली होती. ३ + ४ म्हणजे तीनवर उभं राहायचं, पुढे चार उड्या घ्यायच्या. नातवाने पेन्सिलीने तीन, चार, पाच, सहा टोचलं आणि उत्तर लिहिलं, ६. पुन्हा करायला लावलं. पुन्हा सहाच.

कागदावर उमगत नसेल तर पायांना उमगेल. १६८५ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात एक माणूस पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे चालवला होता. त्याला गड मिळाला नव्हता. आम्हा रामटेककरांना मिळालाय. अंबाळा तलावाकडून चढणाऱ्या पायऱ्यांवर खडूने आकडे घातले. खालची जमीन शून्य.

"शून्य म्हंजे काहीच नाही न, आबा?"

"हो."

"मंग मी कशावर उभा आहो?"

मी त्याला घाईघाईने तिसऱ्या पायरीवर नेलं. "घे चार उड्या."

तो जागच्या जागी टुणकन उडाला. "एक!" मग चौथी, पाचवी, सहावी. आला सहावर. म्हणजे पेन्सिल निर्दोष होती.

"उभी असलेली पायरी मोजायची नसते रे."

"काऊन? ते पायरी नाही का?"

मग उडीगणिक एक फुटाणा ठेवला. तिसऱ्या उडीला वानर आलं आणि पुढच्या महिन्यातली वजाबाकी आजच शिकवून गेलं. वॉलिसच्या वाटेत वानर नव्हतं. विषय बदलावा म्हणून सांगितलं, या रेषेला शेवटच नसतो.

"रेल्वेची लाइन त रामटेकलाच संपते!"

हे मात्र खरं. नागपूरहून आलेली गाडी इथून पुढे जात नाही.

घरी आलो तर सौभाग्यवती फोनवर बहिणीला सांगत होत्या, "आज सोमवार न? आठ दिवसांनी येतो, सोमवारीच." नातू कालनिर्णयपाशी गेला आणि बोटाने उड्या घेऊ लागला. या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत सात. "आजी बी उभी असलेली पायरी मोजते!"

मी हसलो आणि मग हसणं घशातच राहिलं. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो आणि दोन आठवड्यांना पंधरा. आठ आणि आठ पंधरा! आजचा दिवस धरूनच मोजायला लागायचं, ही आपली जुनी खोड. फ्रेंच लोकही तसंच म्हणतात, म्हणून ती चूक नव्हे, परंपरा. मी ३२ वर्षं लोकांना "पंधरा दिवसांनी या" म्हणून परत पाठवलं. एकानेही हिशेब मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत ३ + ४ = ७ बरोबर आलं. खाली नातवाने स्वतःहून एक गणित घातलं होतं: ८ + ८ = १५, आणि पुढे 'आजीचं'. त्यावर बाईंची लाल फुली आणि शेरा: 'पालकांनी आठ दिवसांत भेटावे.'

"आबा," नातू वही नाचवत म्हणाला, "म्हंजे किती उड्या?"