रुमालवाले काका यांस

श्री. रा. रा. रुमालवाले काका यांस,

कृ. सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. दिवसभर आपण बोलत होतात आणि बाकीचे ऐकत होते, त्यामुळे आपली जेवणानंतरची साखर, धाकट्या चिरंजीवांचं पॅकेज आणि सोलापुरात जुळे सोलापूरकडचा प्लॉट कितीला गेला हे सगळं मला पाठ झालं. नाव तेवढं राहून गेलं. म्हणून पत्र उघडंच टाकते आहे. रामोजी फिल्म सिटीतल्या लाल बसमध्ये ज्यांनी एक रुमाल, एक पाण्याची बाटली, नातवाची टोपी आणि अर्धवट खाल्लेल्या वेफर्सची पिशवी एवढ्या सामग्रीवर सोळा माणसांच्या जागा धरल्या, त्यांनी हे पत्र आपल्यालाच आहे असं समजावं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही आपली जुनी परंपरा, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या रुमालाशेजारच्या मोकळ्या सीटवर मी बसले होते. आधी आले होते आणि सदेह बसले होते. आपण माझ्याकडे पाहिलंत, माझ्या शेजारी पाहिलंत, मागे वळून पाहिलंत आणि विचारलंत, "एकट्याच?" मी हो म्हटलं. "मिस्टर नाही आले?" मी नाही म्हटलं. मग आपला चेहरा एकदम उजळला. "मग काय, तुम्हाला कुठेही चालेल! जरा मागे बसता का? आमची फॅमिली आहे."

काय बिनतोड युक्तिवाद! तिकीट मीही पूर्ण भरलं होतं, डोळेही माझे दोनच, पण माझ्याबरोबर कुणी नव्हतं, म्हणून मला खिडकीतून दिसलं काय आणि न दिसलं काय. मी मागे गेले. तिथून गाइडचा आवाज नीट येत नव्हता, पण त्याचं काही अडलं नाही, कारण आपला येत होता.

गाइड बिचारा सांगत होता की हे सगळं रामोजी रावांनी 1996 मध्ये सुरू केलं, 1666 एकरांचा पसारा आहे, जगातलं सर्वांत मोठं चित्रपटनिर्मिती संकुल म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. निर्मात्याने पटकथा घेऊन आत यावं आणि तयार चित्रपट घेऊन बाहेर पडावं, अशी ही सोय. आपण प्रत्येक वळणावर त्याच्या वाक्याला शेपूट जोडत होतात: "सगळं खोटं आहे!" विमानतळ आला, "खोटा." त्याच इमारतीला वळसा घातल्यावर दुसऱ्या बाजूला इस्पितळ निघालं, "हेही खोटं." देऊळ आलं, ज्यात कथानकाला लागेल तो देव आणून बसवतात, तिथे आपण चप्पल काढावी की नाही यावर क्षणभर अडखळलात, पण सावरलंत. मुघल बाग, जपानी बाग, परदेशातली वाटावी अशी गल्ली, सगळ्यांचा निकाल आपण एकाच शब्दात लावलात. महिष्मतीच्या सेटवर तर आपण खांबावर टकटक करून दाखवलंत आणि सोळा जणांना जाहीर केलंत, "आत पोकळ आहे. फायबर!" साबू सिरिल यांनी 'बाहुबली'साठी ही नगरी उभी केली तेव्हा खरा ग्रॅनाइट का वापरला नाही, असा जाब आपण विचारत होतात असं मला वाटलं. चित्रपटाचा सेट खोटा असतो, हा शोध लावण्यासाठी एखादा माणूस टेम्पो ट्रॅव्हलर करून सोलापूर–हैदराबाद रस्त्याने तीनशे किलोमीटर येतो, ही जिज्ञासा दुर्मीळच म्हणायची.

"मराठी माणसाला इथे कोण विचारतं?" असंही आपण एकदा उद्गारलात. काका, 2000 साली ई-टीव्ही मराठी सुरू झाली ती रामोजींच्याच समूहाची आणि तिच्या मराठी बातम्या बरीच वर्षं याच आवारातून निघत. नागपूर, लातूर, कोल्हापूरकडची कितीतरी पोरं पोटासाठी हैदराबादला खोल्या घेऊन राहिली आणि इथे बसून आपल्याला सोलापूरच्या पाणीटंचाईची बातमी देत होती. आपण ती नक्की पाहिली असणार. पण हे सांगायला मी पुढच्या सीटवर असायला हवं होतं.

आता टांग्याचा विषय. त्यासाठीच खरं तर लेखणी उचलली.

चित्रपट कसा बनतो हे तिथे एकापाठोपाठ एक अशा दालनांतून दाखवतात. 'शोले'तल्या बसंतीच्या पाठलागाचा प्रसंग प्रेक्षकांतल्याच एखाद्या बाईला घेऊन चित्रित करतात. टांगा असतो, घोडा नसतो. बाई हातात चाबूक घेऊन बसते, टांगा जागच्या जागी हलवतात, कॅमेरा तिचं वरचं अंग टिपतो. पुढच्या दालनात प्रेक्षकांपैकीच काही जणांकडून टापांचे, चाकांचे आवाज काढून घेतात. शेवटी पडद्यावर सगळं जोडून दाखवलं की मघाशी टांग्यात अवघडून बसलेली बाई डाकूंना चुकवत उधळलेली असते. संकलन आणि ध्वनी या दोन गोष्टींनी काय होतं, हे एवढ्या सोप्या रीतीने कुठे समजावलेलं मी पाहिलं नव्हतं. तर त्या सूत्रधाराने विचारलं, कोण येणार? मी हात वर केला. लहानपणापासून मला बसंती व्हायचं होतं, हे एकदाचं लिहून टाकते.

सूत्रधाराचं बोट माझ्याकडे वळत होतं, इतक्यात आपण उठलात. "अहो, या एकट्या आहेत! यांचा व्हिडिओ कोण काढणार? आमच्या सूनबाईंना घ्या, आम्ही सगळे आहोत."

सूनबाई नको नको म्हणत होत्या. त्यांच्या मांडीवर झोपलेलं मूल होतं. ते मूल आपण उचललंत आणि माझ्याकडे दिलंत. "तुम्ही बसलाच आहात, जरा धरा." अशा रीतीने बसंती गेली आणि माझ्या वाट्याला मावशीची भूमिका आली.

एक जुनी गोष्ट सांगते, आपल्याला आवडेल. 1915 मध्ये कार्ल लेमले या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी उघडली, तेव्हा पंचवीस सेंट घेऊन ते लोकांना चित्रीकरण बघायला बसवत. सगळा मूकपटांचा काळ. प्रेक्षक हवा तेवढा गोंगाट करत, नायकाला टाळ्या देत, खलनायकाला शिव्या घालत. कॅमेऱ्याला त्याचं काहीच नव्हतं. पुढे बोलपट आला आणि प्रेक्षकांना बाहेर काढावं लागलं, कारण ते गप्प बसेनात. पुन्हा रीतसर सहल सुरू झाली ती 1964 मध्ये. त्या मधल्या तीसेक वर्षांमागे नेमका कोण होता याचा मला अंदाज नव्हता. आपली भेट झाल्यावर आला.

फोटोंबद्दल फारसं लिहीत नाही. एकट्या बाईचे हात रिकामे असतात, या समजुतीने आपण मला तीन मोबाईल दिलेत. आडवा घ्या, उभा घ्या, पाय आले पाहिजेत, वरचा हत्ती कापू नका, बंटी हलला परत घ्या. माझा एखादा काढू का, असं आपण विचारलंत हे मान्य केलं पाहिजे. आणि मी मोबाईल पुढे करेपर्यंत आपण बसकडे निघाला होतात हेही.

याच युनिव्हर्सलवाल्यांच्या ऑरलँडो आणि सिंगापूरच्या बागांत काही राइड्सना एकट्या माणसांची वेगळी रांग असते. चौघांच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा उरते. ती रिकामी धाडण्यापेक्षा त्या रांगेतला एक जण उचलून तिथे बसवतात. त्यामुळे एकटा माणूस बहुतेक वेळा लवकर आत जातो. हिशेब त्यांचा धंद्याचा आहे, प्रेमाचा नाही, हे मला कळतं. पण "एकट्याच?" या प्रश्नानंतर "मग या पुढे" असंही म्हणता येतं, एवढं आपल्या कानावर घालावंसं वाटलं. आपल्या हाती हा कारभार असता तर त्या उरलेल्या सीटवर आपण बॅग ठेवली असती.

बॅगेवरून आठवलं. रुमाल, बाटली आणि टोपी या आपल्या किरकोळ वस्तू. आपला खरा रुमाल काकू आहेत. प्रत्येक रांगेत आपण त्यांना उभं करून गेलात. "तू इथे थांब, आम्ही तेवढ्यात हे बघून येतो." वाइल्ड वेस्टचा मारधाडीचा खेळ आपण सर्वांनी पाहिला, काकूंनी परतीच्या बसची रांग पाहिली. मुलं फंदुस्तानात उड्या मारत होती तेव्हा काकू आइस्क्रीमच्या रांगेत होत्या. गुडघे धरून उभ्या होत्या. आणि मी, माझ्यासाठी रांग धरायला कुणीच नसल्यामुळे, जिथे तिथे त्यांच्या मागे. आपल्या सतरा जणांच्या कुटुंबात दिवसभर एकट्या फिरणाऱ्या आम्ही दोघी होतो, हे आपल्या लक्षात आलं नसेल.

काकूंनी 'शोले' किती वेळा पाहिला आहे, हे आपण कधी विचारलंत का? टांग्याच्या दालनात पडद्यावर सूनबाई उधळल्या तेव्हा पुढचा शॉट कोणता येणार हे त्या माझ्या कानात आधी सांगत होत्या. रेल्वे स्टेशनच्या सेटवर त्यांना जरा बाकावर बसायचं होतं. तिथल्या फलकावरचं नाव बदललं की गाव बदलतं, हे त्यांना फार आवडलं. आपण लांबून ओरडलात, "चल, इथे काय आहे? गाडी कुठे येतेय?" त्या उठल्या.

त्यानंतरच्या रांगेत त्यांनी मला बरेच प्रश्न विचारले. एकटीला भीती वाटत नाही का, हा त्यांत नव्हता. खोली कशी मिळाली, शहरातून इथवर बस कुठली, जेवणाचे किती झाले, असे सगळे कामाचे प्रश्न. मी मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेसने आले असं सांगितलं. ती सोलापूरला थांबते हे त्यांना ठाऊक होतं. भाडं ठाऊक नव्हतं. पाकिटातल्या औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी ते लिहून घेतलं. मोबाईलवर तिकीट काढलं तर ओटीपी आपल्या फोनवर येतो, ही अडचण त्यांनी सांगितली. तेव्हा स्टेशनच्या खिडकीवर रोख पैसे देऊनही आरक्षण मिळतं आणि तत्काळ सोडून साधं तिकीट काढलं तर तिथे ओटीपी कुणी मागत नाही, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

कळावे,

आपली,
एक एकटी प्रवासी