घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या

आमच्या आणि अक्कांच्या घरांच्या मध्ये चार फुटांची कंपाऊंडची भिंत आहे. माझ्या बाजूनं तिला गिलावा आहे, त्यांच्या बाजूनं नाही. "औंदा करून टाकू" हे गेली पंधरा वर्षं चालू आहे. उन्हाळ्यात भिंतीवर दोन्ही घरच्या कुरडया वाळतात, आणि सकाळी नऊच्या सुमाराला बारा महिने दोन्हीकडून दोन दोन कोपरं टेकलेली असतात. बातमी मोठी असली की अक्का आधी खाकरतात.

त्या दिवशी दोनदा खाकरल्या.

"बाई, गेल्ता का तुम्ही समोर?"

समोर म्हणजे डॉक्टरांकडं. त्यांची सून पुण्याची. येऊन सहा महिने झाले आणि तेवढ्यात तिनं हॉल पार बदलून टाकला, असं कानावर होतं. मी शाळेतून निवृत्त झाले असले तरी आमंत्रणाशिवाय कुणाकडं जायची सवय अजून लागलेली नाही. अक्कांना ती जन्मजात आहे.

"मी आले जाऊन. दारातच घंगाळ ठेवलंय, माय! तांब्याचं. त्यात पानी, अन् पान्यावर गुलाबाच्या पाकळ्या. मला वाटलं, कुनाची आंघूळ राहिली का काय."

"ती सजावट आहे, अक्का. हॉटेलात ठेवतात तशी."

"ठेवू द्या की. पन त्या पान्यात एका मानसाची आंघूळ होती, वर दोघांचे पाय धुऊन होतेत. अन् आपल्या नळाला पानी आठव्या दिवशी."

किंमत अक्कांनी अर्थातच काढून आणली होती. सात हजार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथून आणलं. सात हजार हा आकडा त्यांनी तीनदा उच्चारला. तिसऱ्यांदा तर भिंतीवरची कोपरं काढून घेतली, इतका त्यांना त्रास झाला.

त्रासाचं कारण मला ठाऊक होतं. सासरच्या वाड्यातलं घंगाळ अक्कांनी स्वतःच्या हातानं मोडीत घातलेलं. शिवाय बंब, दोन हंडे आणि फिरकीचा तांब्या. तेव्हा स्टीलचं वेड होतं. मोडवाला तराजू घेऊन ओसरीवर बसायचा, कान तुटलेलं आणि कान शाबूत असलेलं एकाच भावानं जायचं, आणि आलेल्या पैशांत चकचकीत डब्यांचा एक उतरता संच यायचा. जुन्या लुगड्यांवर बोहारीण वाट्या द्यायची, ते वेगळं. जरीचं असलं की जरीवाला न्यायचा. तो काठ जाळून त्यातली चांदी काढणार. आता तोच पैठणीचा पदर लोक काचेच्या चौकटीत घालून सोफ्यामागं टांगतात. राहिली मोरी, तिथं जर्मलची भांडी आली. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं कुणी छाती फुगवून म्हणालं की मला आधी आमच्या मोरीतलं चेपलेलं तपेलं आठवतं.

"कल्हईचा तरी ताप वाचला तुमचा," मी म्हणाले.

"ताप कसला? त्यो कल्हईवाला आला की आम्ही घोळका करून बसायचो. नवसागराचा धूर निघायचा, अन् कापसाच्या बोळ्यानं हात फिरवला की आतून भांडं चांदीवानी. बरं, ह्या पोरीनं घंगाळाला वरून कसलं तरी लाखेवानी पानी दिलंय. चिंच नको, राख नको, घासायचंच नाही म्हनं. मंग तांबं कशाला घ्यावं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण अक्कांनी फार बोलू नये. सिनेमा बघून घर सजवायची सुरुवात आमच्या कॉलनीत केली ती त्यांनीच. 1994 साली 'हम आपके हैं कौन' आला. बायका लग्नाला जावं तशा शालू-पैठण्या नेसून थिएटरात गेल्या. सगळ्यांनी लक्षात ठेवली ती माधुरीची जांभळी साडी. अक्कांच्या डोक्यात बसला तो त्या घरातला दिवाणखान्यात उतरणारा जिना. दोन वर्षांनी प्लॉटवर बांधकाम निघालं तेव्हा गवंडी सांगून थकला की बावीस बाय पंधराच्या हॉलमध्ये असला वळणाचा जिना घातला तर बसायला जागा उरणार नाही. अक्का बधल्या नाहीत. जिना झाला. थोरल्या मुलीच्या लग्नात नवरी त्यावरून खाली उतरली, फोटोही आले छान. त्यानंतर गुडघे गेले, आणि आता जिन्याखाली गव्हाची कोठी, इन्व्हर्टर आणि एक मोडका कूलर आहे. वर कोण जातं? मांजर.

"जिन्याचं नाव काढू नका," अक्का म्हणाल्या. मी काढलंही नव्हतं, नुसतं तिकडं बघितलं होतं.

सिनेमातल्या घराचं पितळ एकदा त्यांनीच उघडं पाडलं होतं. आमच्या भजनी मंडळाची सहल कर्जतजवळ एन. डी. स्टुडिओ बघायला गेली होती. नितीन चंद्रकांत देसाईंनी 2005 साली उभारलेला तो स्टुडिओ. 'लगान', 'देवदास' यांचे कलादिग्दर्शक तेच. एवढा थोरला राजवाडा, हे भलेथोरले खांब, आणि आम्ही सगळ्या तोंडाचा आ वासून उभ्या. अक्का सरळ एका खांबाजवळ गेल्या आणि नारळ पारखावा तशा बोटांनी वाजवून आल्या. "पोकळ हाय," त्यांनी जाहीर केलं. प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. दिसायला पाषाण, वजनाला पापड. पण माणसाची अक्कल बघा, ते कळूनही येताना त्यांनी माझ्या कानात विचारलं, "असली महिरप आपल्या देवघराला बसती का हो?"

खांबांचा विषय निघाला की अक्का गप्प होतात. सेलू तालुक्यातला त्यांचा सासरचा वाडा माळवदाचा होता. सागाच्या तुळया, त्यावर किलचान, कडुलिंबाचा पाला आणि वर एक-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. परभणीच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हाही खालच्या खणात दुपारी चादर ओढून झोपता यायचं. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते आणि किल्लारीला भूकंप झाला. तिथं जी माणसं गेली त्यांतली कितीतरी दगडमातीच्या भिंतींखाली आणि अशाच जड छतांखाली गेली. धक्का इकडंही जाणवला. त्यानंतर वर्षभर अक्कांच्या सासूबाई माळवदाखाली झोपल्याच नाहीत. अंगणात बाज टाकायच्या. ज्या मातीनं थंडावा दिला तिचंच भय बसलं. आमच्या माहितीतल्या कितीतरी घरांनी पुढं पत्रा घातला नाही तर स्लॅब. वाडा रिकामा झाला, आणि एक दिवस टेम्पो घेऊन माणसं आली. त्यांनी खांबांना टेप लावला, घनफुटावर हिशेब केला, कोरीव चौकट वरकड म्हणून उचलली आणि दिवाळीआधी पैसे दिले.

"कुठं गेले असतील हो खांब?"

हे त्या मला दर वर्षी विचारतात. व्हरांड्यातून आमचे हे म्हणाले, "चोर बाजारात." पेपर खाली न घेता बोलायची त्यांची पद्धत आहे, इतिहास शिकवत होते, त्यामुळं तपशील तोंडाशीच असतो. "मुंबईला भेंडी बाजाराजवळ मटन स्ट्रीट. सिनेमावाले तिथून जुन्या वस्तू भाड्यानं नेतात. झुंबरं, ग्रामोफोन, आरसे, सगळं."

म्हणजे घ्या. आपला वाडा मोडीत जातो. मोडीतलं चोर बाजारात जातं. तिथून भाड्यानं सेटवर. सिनेमा आपल्याकडं येतो, आपण म्हणतो काय देखणं घर आहे, आणि सुताराला फोटो दाखवून तसंच एमडीएफमध्ये करून मागतो! 2002 च्या 'वास्तुपुरुष' मधला वाडा टीव्हीवर बघताना अक्का गोष्ट सोडून खांबच मोजत बसल्या होत्या, ते मी पाहिलंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांनी सिनेमा कशावर काढला होता हे त्यांना विचारू नका.

माझं म्हणाल तर मी सिनेमावाली नाही, मी मासिकवाली. 'गृहशोभिका', 'लोकसत्ता'ची 'वास्तुरंग' पुरवणी, दिवाळी अंकांतल्या रंगीत जाहिराती, जे आवडलं ते कापून एका जुन्या डायरीत चिकटवलंय. त्या डायरीपायी मीही फसले. एका चित्रात जमिनीपासून छतापर्यंत काच होती, बाहेर धुकं, आत एक बाई शाल पांघरून कॉफी पीत होती. मी आमच्या पश्चिमेच्या भिंतीला तशी काच बसवली. परभणीत पश्चिमेला! चित्रातल्या बाईकडं धुकं होतं, आमच्याकडं दुपारी चारचं ऊन. पहिल्याच एप्रिलमध्ये सोफ्याचा रंग उडाला, मेणबत्त्या वाकल्या आणि ह्यांनी त्या खोलीत बसणं सोडलं. आता काचेवर आतून पडदा आहे, बाहेरून गोणपाट. गोणपाटावर पाणी मारायचं काम माझं. डायरीतलं ते पान मी फाडलेलं नाही, पण समोरच्या पानाशी चिकटवून टाकलंय.

वस्तू नुसती जुनी म्हणून टिकत नाही, हेही खरं. आमच्या गंगाखेडच्या आत्यांकडं लक्ष्मीची एक मोठी तसबीर होती. रविवर्म्याच्या छापखान्याची. कुणीतरी हौशी बाईनं लक्ष्मीच्या साडीवर खरी जर टाचली होती, मुकुटाला टिकल्या. काचेआडून दिव्याच्या उजेडात ती लुकलुकायची. तो छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीहून आलेली, आणि पुढं छापखाना घेतला तोही जर्मन तंत्रज्ञानं, श्लायशर नावाच्या. (हे ह्यांनी व्हरांड्यातून पुरवलं, म्हणजे परभणीत खरी जर्मनी आली ती लक्ष्मीच्या रूपानं.) तसबिरीला वाळवी लागली. देवाचं चित्र मोडीत कसं घालायचं? आत्यांनी चौकट काढून ठेवली, हात जोडले आणि लक्ष्मी गोदावरीत सोडली. गंगेला अर्पण. चौकटीत आता नातवाचा पदवीचा फोटो आहे. तसल्या जर टाचलेल्या चित्रांना आज काय भाव येतो हे आत्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगू नये.

संध्याकाळी अक्का मला ओढूनच समोर घेऊन गेल्या. सूनबाई गोड आहे. फडताळाचं तिनं पुस्तकांचं कपाट केलंय, जात्याची वरची तळी कुंड्यांखाली, आणि पलंगावर चक्क हातशिलाईची वाकळ. मला बरं वाटलं, वाकळ वाकळीसारखीच अंथरली होती, भिंतीवर लटकवली नव्हती. बाकी अडकित्त्यांची रांग भिंतीला होती, ती काही पटली नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते काचेत शोभतात; घरात एकजण तरी सुपारी खाणारा हवा.

अक्का मात्र घंगाळापाशी वाकल्या होत्या. पाकळ्या बाजूला सारून, काठाखालून बोट फिरवत होत्या, तांदूळ चाचपावेत तसं. मग त्यांनी चष्मा मागितला.

भांड्यावर नाव घालायची जुनी पद्धत. कासार छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसायचा आणि टिंबाला टिंब जोडत अक्षर उमटवायचा. ठकठक ठकठक, एका नावाला पाच मिनिटं. घासून घासून इथली निम्मी टिंबं गेली होती. "चि. सौ. कां." एवढं नीट लागत होतं. पुढचं नाव सपाट. मग "मामाकडून", आणि अगदी शेवटी, कडीच्या आड हात न पोचल्यामुळं शाबूत राहिलेलं, "पाथरी".

"पाथरी!" अक्का मटकन खालीच बसल्या. पाथरी इथून तासाभराच्या रस्त्यावर. म्हणजे इथलंच घंगाळ पुण्याला जाऊन सात हजार खाऊन परत आलं होतं. "कोन मामा असंल? पाथरीत तवा घंगाळ देनारे मामे किती होते? चार घरं. फार तर पाच."

तिथल्या तिथं त्यांनी पाथरीच्या मावसबहिणीला फोन लावला. स्पीकरवर. सूनबाई आधी संकोचली, मग स्वतःही खाली बसली. कुणाची भाची कुठं दिली, कोणत्या लग्नात रुखवत गाजला, कुणाच्या जावयानं पुण्याला नोकरी धरली, कुणाची सून फार उधळी निघाली, असं करत करत संशय तीन घरांवर येऊन ठेपला. मावसबहिणीचं म्हणणं, टिंबं बारीक आहेत का ठळक, त्यावरून कासार कळेल, आणि कासार कळला की साल. अक्का परत काठाला बोट लावून सांगायला लागल्या, "बारीक हायेत, पन 'थ'ला पोट मोठं काढलंय..."

तेवढ्यात गल्लीतून पोरं ओरडत गेली, "नळ आला! नळ आला!"

फोन तसाच स्पीकरवर बोलत राहिला. मी धावले, माझी टाकी उघडी होती. अक्का गुडघे विसरून धावल्या. फाटकातून मागं वळून बघितलं तर सूनबाईनं घंगाळ उचलून पाकळ्यांसकट पाणी तुळशीत ओतलं होतं, आणि ते दोन्ही कड्यांना धरून ओढत ओढत अंगणातल्या तोटीखाली नेत होती.