तारीख तेवढी राहिलीय

राजीनामा दिलाय. तारीख तेवढी टाकायची राहिलीय. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही उपसरपंचाला अडीच वर्षांनी गाठा, हेच ऐकायला मिळेल, आणि गडी खोटं बोलत नसतो. सरपंच थेट जनतेतून येऊ लागल्यापासून वाटणीला उरलं हेच पद. त्यामुळे अडीच तुझी, अडीच माझी असं ठरवून गोदाकाठी बेलभंडारा उचलला जातो, त्याच रात्री सही होते. कायद्याने तो कागद सरपंचाच्या हातात जायला हवा. तो जातो गावपुढाऱ्याच्या पेटीत, जुन्या खरेदीखताखाली.

कागद मात्र देखणा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे टपोऱ्या अक्षरात, खाली झोकदार सही, वर उजवीकडे ‘दिनांक’ आणि त्यापुढे मोकळं रान. तिथे आकडा पडला की खुर्ची गेली. म्हणून आकडा कुणी टाकायचा यावर पारावर बैठक, मग ढाब्यावर बैठक. पोळा होऊ द्या. पोळा झाला की सोयाबीन निघू द्या, सोयाबीन निघालं की ऊस जाऊ द्या, ऊस गेला की पोरीचं लग्न आणि लग्न झालं की आचारसंहिता. पंचांकडे पेन नसतो. पेन असतो त्या दिवशी पेटीची किल्ली पुतण्यासोबत पुण्याला गेलेली असते. एखाद्या तापट वारसदाराने स्वतःच तारीख टाकली, तर सही निघते काळी, तारीख निळी, आणि आमचा गडी म्हणतो, ‘हे अक्षर मपलं नव्हंच!’ कायदाही त्याला ओळखून आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात आपलाच राजीनामा खरा नाही अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायला सात दिवस दिलेत. खासदार-आमदारांसाठी तर 1974 साली घटनाच दुरुस्त झाली: राजीनामा खरा किंवा स्वखुशीचा वाटला नाही, तर अध्यक्षांनी तो स्वीकारायचाच नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही.

आता हाच कोरा कागद दुसऱ्या पेटीत बघा. पोरगी खाजगी शाळेत शिक्षिका म्हणून लागते. त्यासाठी बापाने दोन एकर विकलेले असतात. रुजू होतानाच संस्थाचालक बिनतारखेच्या राजीनाम्यावर तिची सही घेतो. इथे पेन लगेच सापडतो, किल्ली कधी पुण्याला जात नाही. थकलेला पगार मागितला की रातोरात तारीख पडते. उपसरपंचाची पाच वर्षं पडत नाही, बाईंची एका रात्रीत पडते. ही दरोडेखोरी आहे. आणि ती करणारा माणूस 5 सप्टेंबरला हार घालून गुरूंच्या थोरवीवर भाषण देतो, सही देऊन बसलेले गुरुजन समोर टाळ्या वाजवतात.

तरी बाईंनो, सरांनो, 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याचं सातवं कलम एकदा वाचा. राजीनामा दोन प्रतींत. दोन्हींवर सही, दोन्हींवर तारीख. एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. रुजू होतानाच संस्थेच्या पेटीत ठेवायची तिसरी प्रत कायद्यात कुठेही नाही.