पाकीट फोडण्याआधी वाचा

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकतो. नोकरीपायी भाड्याच्या खोलीत राहणारे, डब्यातल्या कोबीला विटलेले, घरून निघताना आईने दिलेल्या मिसळणाच्या डब्यात सध्या चार्जर आणि सुटे पैसे ठेवणारे असे सर्व सज्ञान नागरिक. लग्न झालेलेही चालतील.

आता मूलतत्त्व. स्वयंपाकात नवशिक्याचा घात आळसाने होत नाही, उत्साहाने होतो. आळशी माणूस डाळ गॅसवर ठेवून मोबाइल बघत बसतो आणि डाळ शिजते. उत्साही माणूस दर मिनिटाला झाकण काढतो, ढवळतो, चव घेतो, 'काहीतरी कमी वाटतंय' म्हणतो आणि हाताशी येईल ते टाकतो. म्हणून पुढे जिथे जिथे कृती सांगितली आहे, तिथे तेवढीच करावी आणि मग हात मागे बांधून उभं राहावं.

विकतच्या मसाल्याची लाज वाटत असेल तर ती इथेच सोडा. आपल्याकडे येसूर काय होता? धान्यं, डाळी, मसाले भाजून, दळून डब्यात भरायचे आणि अवचित पाहुणे आले की पाण्यात कालवून आमटीला उकळी आणायची. मेतकूट, भाजणी, सांडगे सगळी त्याच कुळातली. बारकोड तेवढा नव्हता. मापांचंही तसंच. कमलाबाई ओगल्यांनी १९७०मध्ये 'रुचिरा' लिहिताना वाटी आणि चमचा ही मापं धरली, त्यामुळे तुम्हाला तराजू घ्यायचा नाही. घरातली एकच वाटी पक्की करा आणि तिच्याशी एकनिष्ठ राहा.

पहिला पदार्थ मसुरीच्या डाळीची आमटी. तूरडाळ अजून नको. तिला कुकर लागतो, कुकरला शिट्टी असते आणि शिट्टीला तुम्ही घाबरता. साल काढलेली केशरी मसूर भिजवावी लागत नाही आणि साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते. एक वाटी डाळ धुऊन चार वाट्या पाणी, पाव चमचा हळद, थेंबभर तेल. फेस येईल. फेस आला म्हणून कोणालाही फोन करू नये. आच कमी करून झाकण अर्धवट ठेवावं.

या वेळात चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकी काहीही पातेल्याजवळ आणू नये. आंबट पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही, आणि मग तासाभराने तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता. डाळ बोटाने चिरडली जाऊ लागली की मीठ, दोन आमसुलं आणि गुळाचा सुपारीएवढा खडा घाला.

फोडणी हा खरा परीक्षेचा प्रश्न. कढल्यात दोन चमचे तेल तापवा, मोहरी टाका, ती तडतडून शांत होईपर्यंत थांबा. (सगळे इथेच घाई करतात, आणि मग आमटीत कच्ची मोहरी दाताखाली येते.) जिरं, हिंग, कढीपत्ता टाका. आता गॅस बंद करा. हे वाक्य दोनदा वाचा. गॅस बंद केल्यावरच दीड चमचा कांदा-लसूण मसाला तेलात घालायचा. पेटत्या गॅसवर तो काही सेकंदांत करपतो आणि शेजारच्या बिऱ्हाडासकट सगळे खोकतात. तेलाला लाल रंग सुटला की फोडणी डाळीवर ओता आणि एक उकळी आणा. मसाल्यात कांदा, लसूण, बहुधा सुकं खोबरंही आधीच असतं, म्हणजे तुम्ही सुरीला हात न लावता आमटी केलीत. कोणी विचारलं तर रेसिपी कोल्हापूरची आहे असं सांगावं. मसाल्यापुरतं ते खरंही असतं.

आमटी दोनदा जमली की रस्सा. आता कुकर काढा. रस्सा असेल तर तो दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही आणि डाळ असेल तर निम्म्याच्या वर नाही, कारण डाळ फेसाळून वाफेची वाट बुजवते. आत सुमारे १२० अंशांवर पाणी उकळत असतं, म्हणून काम लवकर होतं. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याची वर्दी. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून घड्याळ बघावं. बटाटा, गाजर, फरसबी यांना पाच मिनिटं पुष्कळ झाली. प्रेशर आपोआप उतरू द्या. झाकणाशी कुस्ती खेळू नये. फ्रोझन मटार आणि नारळाच्या दुधाचं पाकीट दोन्ही झाकण उघडल्यावर, मंद आचेवर. मटार आधी घातलात तर चटणी होते आणि नारळाचं दूध खळखळून उकळलंत तर फुटतं.

आता गोड. कस्टर्ड पावडर अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने १८३७मध्ये शोधली. बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून. एका नवऱ्याच्या काळजीपोटी आपल्याकडच्या असंख्य मुंजींना आणि वाढदिवसांना फ्रूट सॅलड मिळालं. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर, पण आधी अर्धी वाटी थंड दुधात कालवून. सरळ उकळत्या दुधात टाकलीत तर पिठाच्या गोळीची बाहेरची बाजू झटक्यात फुगते, आतली पावडर कोरडीच अडकते आणि वाडग्यात साबुदाण्याचे सासरे तरंगतात. इथे मात्र आमचं मूलतत्त्व गुंडाळून ठेवा आणि सतत ढवळा. थांबलात की बुडाला लागलंच. चमच्याच्या पाठीला लेप चढला की उतरवा, गार होताना ते आणखी दाट होतं. फळं पूर्ण गार झाल्यावर. केळी, द्राक्षं, डाळिंब चालेल. ताजं अननस घालू नये, त्यातल्या एन्झाइममुळे दूध कडू होतं. डब्यातलं अननस चालतं, कारण ते तापवताना एन्झाइम निकामी झालेलं असतं.

हापूसचा डबाबंद रस आणि डेअरीतला चक्का मिळाला तर आम्रखंडाला गॅसही लागत नाही. रस बहुतेक वेळा आधीच गोड असतो, तेव्हा साखर चाखून घाला. उरलेला रस फोडलेल्या डब्यात ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा.

गुलाबजामच्या तयार पिठाला फक्त दोन शत्रू: जोर आणि मोठी आच. पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर गोळ्या दगड होतात. हलक्या हाताने गोळा करा, पाच मिनिटं झाकून ठेवा, गोळ्या लहान वळा, त्या फुगतात. तेल फार तापलं की बाहेरून चॉकलेटी आणि आतून पीठ, म्हणून मंद आचेवर, हळूहळू फिरवत तळा. पाक कोमट असावा आणि त्यात जामुनांना तासभर तरी एकटं सोडावं. दर दहा मिनिटांनी एक खाऊन 'मुरलाय का' बघणाऱ्याच्या वाट्याला शेवटी पाक उरतो.

येसुराबद्दल वर जे म्हटलं ते तत्त्व म्हणून ठीक आहे, पण रविवारी आत्या येणार असतील तर गुलाबजामचं रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात सगळ्यात वर टाकू नये. कांद्याच्या सालांखाली दडवावं. कांदा तुम्ही चिरलेलाच नसेल, त्यामुळे सालं शेजारून मागून आणावीत.