पाच दिवस हिंजवडी, दोन दिवस मोहीम

फोर बाय फोर घेऊन ती कंपनीने दिली तशीच चालवणं पुण्यात कमीपणाचं मानतात. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, शनिवार-रविवार ताम्हिणी. दोन्हींसाठी एकच गाडी ‘तयार’ करायची. मग खोल पाण्यातही इंजिनाला हवा मिळावी म्हणून बोनेटशेजारी स्नॉर्केल उभा राहतो. थार मुळातच ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. तेवढं पाणी पुण्याच्या रस्त्यावरही साचतं म्हणा, पण त्यात पुढे रिक्षा बंद पडलेली असते, तिचं काय? टपावर तंबू चढला की सोसायटीच्या बेसमेंटची तुळई आडवी येते. मड टायर डांबरावर पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात, मायलेज कोसळतं. डिकीत फ्रिज बसल्यामुळे ऑफिसची बॅग बायकोच्या मांडीवर. आणि विंचने आजवर ओढलं काय, तर शेजाऱ्यांचं लक्ष!

गाडीच्या तोंडाशी लावायच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. तेव्हा आधी टायरमधली हवा मोजायचं गेज आणि ओढायचा दणकट दोर घ्या. दोन्ही कायदेशीर आहेत, आणि चिखलात तेच कामाला येतात.