बेसिक्स, साडू, बेसिक्स!

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्या पाठीला नारिंगी लाइफ जॅकेट अडकवलेलं. शेजारी पायाने मारायचा हवेचा पंप. कलाकार येतो, पंपावर पाय ठेवतो. फुस्स.)

सभागृहात साडू किती आहेत? हात वर करा. लाजू नका, तुमचा दोष नाही. साडू आपण निवडत नाही, आपली बायकोही निवडत नाही. निवडते मेहुणी, आणि तुलना होते आपल्याशी. रविवारी सकाळी पेपर वाचत होतो, बायको म्हणाली, "ताईकडे बोट घेतली." मी म्हटलं, "आपल्याकडे बादली आहे." तिथून आठवडाभर पोळी जरा कडकच येत होती.

आमचे साडू पिंपरीला गाड्यांच्या कारखान्यात होते. क्वालिटी कंट्रोल. व्हीआरएस घेतली. कारखान्याच्या क्वालिटीचं पुढे काय झालं माहीत नाही, कंट्रोल मात्र सगळा आमच्याकडे आला. (मान तिरकी, आवाज नाकातून) "साडू, तुमचे बेसिक्स कच्चे आहेत!" मी चहा गाळत होतो हो! "गाळणी तिरकी धरलीत. बेसिक्स!" माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक यांच्या हातात होतं. गुरुजींना म्हणाले, "कापडाला टेन्शन कमी आहे." गुरुजी मंगलाष्टक विसरले.

तर बोट. हवा भरायची, ३ मीटर ८० लांबीची. मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. कोळीबांधव त्याला ओबीएम म्हणतात आणि कामाला लावतात. साडू त्याला 'युनिट' म्हणतात आणि पुसत बसतात. आणि हे सगळं नेलं कुठे? दाभोळला, सासूबाईंच्या माहेरी. समोर वाशिष्ठीची खाडी आणि खाडीपलीकडे... एकेकाळचा एन्रॉनचा वीजप्रकल्प! (थांबतो) अहो, १९९२ पासून अख्ख्या महाराष्ट्राने त्या किनाऱ्यावरच्या पॉवरच्या गप्पा ऐकल्यात. तिथेच उभं राहून हा माणूस मला म्हणतो, "साडू, प्रश्न पॉवरचा नाहीच आहे!"

पहिला दिवस हवेत गेला. (पंप मारतो) फुस्स. फुस्स. "पाव बार! जास्त नको, कमी नको." भरली पाव बार. ऊन चढलं, आतली हवा तापली, काटा वर. "सोडा थोडी." सोडली. बोट पाण्यात ढकलली, पाणी गार, काटा खाली. "मारा!" (पंप मारतो) मी म्हटलं, "तुम्हीही मारा की दोन-चार." तर म्हणे, "मी रीडिंग घेतोय."

मग मिश्रण. पन्नासाला एक, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. २० मिली मोजायचं कशाने? भाच्याच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण. ते ताईंनी पाहिलं. पुढचा संवाद आजच्या तिकिटात बसत नाही.

मग इंजिनाची उंची. हे जरा नीट ऐका, उद्या तुमचेही साडू बोट घेतील. पंख्याच्या बरोबर वर एक आडवी पत्री असते. ती बोटीच्या तळाच्या पातळीत पाहिजे. खाली राहिली तर फुकट पाणी ओढते. फार वर गेली तर पंखा वरची हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. आमच्या काही नातेवाइकांचा संसार असाच चाललाय. (प्रेक्षकांकडे बघत) आले असतील, म्हणून नाव घेत नाही.

तर पत्री एक इंच खाली होती. इंजिनाच्या पकडीखाली एक इंचाची पट्टी हवी. साडू घरात गेले आणि बाहेर आले ते हातात पट्टी घेऊन. जुना सागवान, एका कडेला पितळेचं फूल. मी ओळखलं. सासूबाईंचा पाट! ज्या पाटावर बसवून त्यांनी आम्हा दोन्ही जावयांना ओवाळलं, तो पाट करवतीने कापला. म्हटलं, "अहो, आईंना काय सांगणार?" "फंक्शन बदललंय, पाट तोच आहे. बेसिक्स, साडू!"

(खुर्ची पुढे ओढून बसतो.)

एवढं करून बोट उठेना. उठणं म्हणजे काय, तर छोटी बोट पाण्यात बसून चालते तेव्हा आपणच ढकललेली लाट तिच्यापुढे उभी असते. ताशी सात-आठ किलोमीटरला ती अडते. पुढे जायचं तर त्या लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवरून घसरत जायचं. आमची बोट चढायची, नाक आभाळाकडे करायची आणि तशीच राहायची. पंखा बदलला. ९ इंच पिच काढून ८ चा लावला, म्हणजे ओढ जास्त. नाक आणखी वर! पुढचं दिसेना. साडू सुकाणूचा दांडा धरून ओरडतात, "समोर काय आहे?" मी म्हटलं, "ढग."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर साऱ्या कुटुंबाची सभा. साडूंच्या हातात वही. "एका हॉर्सपॉवरला फार तर २५ किलो. १५ गुणिले २५, ३७५. त्यातून बोट, इंजिन, टाकी मिळून १११ वजा. राहिले माणसांना २६४. आता एकेकाने वजन सांगायचं. खरं!"

(उठतो. हळू.) खरं. दोन सख्ख्या बहिणींसमोर. आजोळच्या धक्क्यावर. चार कोळणी मासे निवडत बसल्यात, त्यांनी हात थांबवले.

मी म्हटलं, ७५. साडू स्वतःचं म्हणाले ७८. ताई म्हणाल्या, "यांचं ८५." लिहिलं ८५. भाचा २८. सासूबाई म्हणाल्या, "६२, आणि मी येणार." त्यांना नाही कोण म्हणणार? बेरीज २५०. साडूंनी चष्मा वर केला, बायकोकडे पाहिलं, मेहुणीकडे पाहिलं आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हा दोघींना मिळून १४ किलो."

(बराच वेळ काही बोलत नाही.)

हवेतली पाव बारही खाली आली.

एक कोळीण दुसरीला म्हणाली, "चौदा किलोत तं हाताच्या बांगड्याच जातील." दोघी बहिणी उठल्या, डबे घेतले आणि गेल्या फेरीबोटीत. दाभोळ-धोपावे फेरी. तीत गाड्या चढतात, टेम्पो चढतो, म्हशी चढल्या तरी कोणी वजन विचारत नाही. आमचं इंजिन सुरू होईतो त्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत चिवडा खात होत्या. आमच्याच डब्यातला.

इकडे साडू: "आई, तुम्ही पुढे बसा. अगदी टोकाला. तुम्ही ट्रिम आहात." सासूबाई म्हणाल्या, "या वयात कोणी ट्रिम म्हणालं, बरं वाटलं." साडीवर नारिंगी जॅकेट. एक वीत पुढे सरकल्या, नाक जरा खाली आलं. साडू ओरडले, "आणखी एक वीत!" आणि इथे सासूबाईंना आपली किंमत कळली. "आधी नवा पाट." "देतो, आई!" सरकल्या. "आणखी!" "रात्री आठ ते साडेनऊ रिमोट माझा." "तुमचा!" सरकल्या. "अजून चार बोटं!" "गाणगापूर." "नेतो!" "एसटीने नाही." "गाडीने नेतो, आई, सरका!"

सरकल्या. आणि बोट उठली हो! नाक खाली, पाणी मागे, जीपीएसवर ताशी २७! हवा, पंखा, पट्टी, पिच सगळं एकीकडे आणि सासूबाई एकीकडे. कान्होजी आंग्र्यांनी एवढं आरमार चालवलं, पण सासूला नाळेवर बसवायची युक्ती त्यांनाही सुचली नव्हती.

मी मागून बघत होतो. सासूबाईंचा अंबाडा सुटला होता, दोन्ही हात फुग्याच्या दोरीवर. मागे न वळताच म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलींना होडीत घेत नसत. दादा जायचा. मी धक्क्यावर त्याच्या चपला धरून बसायचे." आम्ही कोणीच काही बोललो नाही. भाच्याने आजीच्या पदराचं टोक घट्ट धरलं, उडू नये म्हणून. एवढी वर्षं त्या घरी जेवतोय, त्यांना दाभोळच्या पाण्यात जायचं होतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"साडू! पदर एअर रेझिस्टन्स देतोय!"

(हात जोडतो.) देवा.

तेवढ्यात इंजिन बंद. साडूंच्या मनगटाला लाल दोरी असते. माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. सासूबाईंनी मागे येऊन ती ओढली होती. म्हणाल्या, "अशी सोय आहे हे लग्नाच्या आधी दाखवायला हवं होतं." मग म्हणाल्या, "परत फिरा. आज एकादशी."

साडू म्हणे, "उपासाचा काय संबंध?" "तिथीची पाऊणपट करा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती झाली, सव्वादोनच्या सुमाराला तळ दिसेल. आणि ते २७ तुमचे नाहीत, जावईबापू. ओहोटी आपल्याबरोबर धावतेय, तीन-चार तिचे आहेत."

हा हिशोब कोकणात होडीवाल्याच्या पोराला येतो. साडूंनी मोबाइल काढला. रेंज नाही. म्हणाले, "शॉर्टकट घेऊ," आणि खारफुटीतल्या फाट्यात शिरले. पाऊण तासात आमच्याखालचं पाणी गेलं. मी एक पाय बाहेर टाकला, गुडघ्यापर्यंत चिखल. पाय आला, चप्पल आली नाही. सव्वातीन वाजून गेले तरी बोट हलली नाही. शेंगदाणा लाडवांचा डबा एकच, आणि तो सासूबाईंच्या मांडीवर. भाच्याला दोन दिले, मला एक. साडूंना म्हणाल्या, "तुम्हाला नको. वजन वाढेल. बेसिक्स!"

(टाळ्या पडल्या तर वाकायचं. नाही पडल्या तर पंप मारायचा.)

मंडळी, शेवटी एक घरगुती जाहिरात. बोट विकायची आहे. ३ मीटर ८०, इंजिन १५ हॉर्सपॉवर, दोन पंखे, एक सागवानी पट्टी. भाव जुळवून घेऊ. ताशी २७ लिहिलंय खरं, पण सासूबाई बोटीबरोबर मिळणार नाहीत, त्या गाणगापूरला गेल्यात. मध्यंतरात बाहेर चहाच्या टेबलाशी साडू उभे असतील. व्यवहाराचं काय ते त्यांच्याशी बोला, फक्त वजन विचारलं तर सांगू नका.