निखात निधी आणि बापूसाहेब

सेवानिवृत्त अव्वल कारकून हा प्राणी वाचकांच्या परिचयाचा असतोच. त्याच्या वर्णनात मी शाई खर्चीत नाही. मात्र अशा गृहस्थाच्या हाती अमेरिकास्थित चिरंजीवांनी धातुशोधक यंत्र द्यावे, आणि त्याचे बिऱ्हाड रत्नागिरीस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असावे, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर कोणता प्रसंग गुदरतो, याची कल्पना अनुभवावाचून यावयाची नाही.

आमचे बापूसाहेब भाट्याच्या वाळूत सोने शोधतात. शोधोत बापडे! सुटीत घाटावरून आलेली मंडळी समुद्रात मनसोक्त डुंबतात, ओल्या बोटांवरून अंगठ्या निसटतात, आणि सोने जड असल्यामुळे लाटांबरोबर फार दूर न जाता वाळूत खाली खाली उतरत राहते, हे शास्त्र मलाही मान्य आहे. माझी फिर्याद निराळी आहे. बापूसाहेबांना सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा पंचनामा होतो, आणि पंच मी असतो.

‘कडी, नग 1, अ‍ॅल्युमिनियमची, शीतपेयाच्या डब्याची असावी असा पंचांचा कयास, सुरूच्या बनापासून पश्चिमेस अदमासे साठ पावले, खोली एक वीत, मूल्य शून्य.’ या मजकुराखाली माझी सही असलेले कागद बापूसाहेबांच्या दप्तरात थप्पीने आहेत, कारण यंत्राचा स्वभावच तसा आहे. त्याच्या तबकडीतून निघणारे चुंबकीय क्षेत्र वाळूतल्या धातूत क्षीण प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाचे प्रत्युत्तर यंत्र कानात बोलून दाखवते. परंतु सोन्याची नाजूक अंगठी आणि डब्याची कडी यांचा स्वर त्याच्या लेखी जवळजवळ एकच. कड्या वगळण्याची सोय यंत्रात आहे, पण ती योजली की कडीबरोबर अंगठीही वगळली जाते. सबब बापूसाहेब काहीच वगळीत नाहीत. मांडवीला, म्हणजे गावात ज्याला काळा समुद्र म्हणतात तिथे, वाळूतच लोह-टायटॅनियमचे काळे कण असल्यामुळे यंत्र पावलोपावली कोकलते. त्या कोकलण्याचाही एक पंचनामा आहे.

वेळेविषयी तर बोलूच नये. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, या किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाप्रमाणे अमावास्येला भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, आणि म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या आगेमागे. उधाणाच्या दिवसांत समुद्र सर्वांत दूर हटतो तो नेमका याच घटकेला, आणि साडेचारला माझे दार वाजते. “अहो, उठा! पंचावाचून खणता येत नाही मला.”

या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ 1878 सालच्या भारतीय निखात निधी अधिनियमात आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची चीज सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, स्थळ आणि दिनांक यांची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, आणि चीज सरकारी खजिन्यात जमा करावी अथवा जामीन द्यावा, असे हा कायदा फर्मावतो. दहा रुपये हा आकडा ज्या काळी लिहिला गेला त्या काळी तो मातबर होता. बापूसाहेबांना तो आजही मातबर वाटतो. दहाचे नाणे सापडले की त्यांचा चेहरा उतरतो, कारण कायदा ‘दहाहून अधिक’ म्हणतो. एकदा वीस रुपयांचे नाणे सापडले, तेव्हा मात्र त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला, दोन प्रतींत वर्दी लिहिली, ती बारनिशीत नोंदवून पोच घेतली, आणि नाणे खजिन्यात भरून घेण्याचा आग्रह धरला. तिथल्या तरुण कारकुनाने अदबीने विचारले, “काका, येताना रिक्षाला किती दिलेत?”

“साठ,” बापूसाहेब म्हणाले, “पण तो खर्च या प्रकरणात धरता येत नाही.”

त्यांचे खरे लक्ष्य थिबा राजाची अंगठी हे आहे. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीस आणून ठेवले आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच निवर्तला. मधल्या तीस वर्षांत त्याचे जडजवाहीर हळूहळू विकले जात असताना एखादी अंगठी वाळूत पडलीच नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगणार, हा बापूसाहेबांचा सवाल. शंभर वर्षांहून जुना निधी कायद्याने बेवारस ठरू शकतो. ही मुदत उलटली म्हणून 2016 सरताना त्यांनी आळीत पेढे वाटले होते. जागेचा मालक दावा घेऊन पुढे आलाच, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक त्याचा. म्हणजे येथेही पाऊणच.

लोभाने हा मनुष्य वाळू उपसतो असे मला बरेच दिवस सोयीचे वाटत असे. वस्तुस्थिती अशी की, खात्याच्या परीक्षेसाठी त्यांनी हा अधिनियम मुखोद्गत केला आणि पुढच्या उभ्या नोकरीत त्याखालचे एकही प्रकरण त्यांच्या मेजावर आले नाही. सातबारे आले, फेरफार आले, हद्दीच्या दगडांवरून उठलेले भाऊबंदांचे तंटे आले. लोकांना जमिनीत काही सापडत नव्हते असे थोडेच? सापडलेले मुकाट्याने सोनाराकडे जात होते, आणि एक सबंध कायदा, लग्नात आलेल्या चांदीच्या ताटासारखा, न वापरताच त्यांच्यापाशी राहिला होता. त्यातले सगळे रकाने एकदा खरेपणाने भरावेत, एवढीच त्यांची हाव.

गेल्या मे महिन्यात सांगलीकडच्या एका नवपरिणीत मुलीचे मंगळसूत्र भाट्याच्या पाण्यात गेले. तिच्या माणसांनी अंधार पडेपर्यंत वाळू चिवडली आणि आशा सोडली. बापूसाहेबांनी सुतळ्या बांधून पट्टे आखले, आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी, कंबरभर भिजत, एकही ओहोटी न चुकवता तिसऱ्या ओहोटीला त्या दोन वाट्या वर काढल्या. मुलगी रडत पायांशी वाकली. “आधी सही,” बापूसाहेब म्हणाले, आणि हा निखात निधी नसून सापडलेली वस्तू असल्यामुळे 1872 च्या करार कायद्याचे 71 वे कलम कसे लागू होते, हे त्यांनी तिच्या नवऱ्याला उन्हात उभे करून समजावले. त्याने पुढे केलेल्या नोटांची नोंदही झाली: ‘बक्षीस देऊ केले, घेतले नाही.’ खाली पंच म्हणून मी सही केली. आणि सांगावयास हरकत नाही, तेवढी एक सही मी वळणदार केली.

मंडळींची गाडी पुलापलीकडे गेली. बापूसाहेब ओल्या धोतराचा सोगा पिळीत बराच वेळ घुटमळत होते.

“एवढे उत्तम प्रकरण,” ते अखेर खिन्नपणे म्हणाले, “आणि मालक हयात निघाला!”